मीटर चालू होतं

परदेशीपुरा, इंदूर
१२ जून २००५

प्रिय देवू,

शर्वरीनं मला पत्र लिहिलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. चार पानी आहे आणि त्यात तुझ्याविरुद्ध एक ओळ नाही. तिनं एवढंच विचारलंय की आपले बाबा, तिचे सासरे, लहानपणी कसे होते, त्यांना कोणी शिकवलं, ते पहिल्यांदा कोणाशी बोलले. हे प्रश्न तिनं तुला न विचारता मला विचारले, यावरूनच मला बाकीचं समजलं.

श्रेयाचं, तुमच्या एवढ्याशा पोरीचं, ऐकणं जात चाललंय. उजवा कान जवळजवळ गेला, डाव्याचीही खात्री नाही. तू तिला शाळेतून काढलंस. घरी एक बाई येतात, त्या तिच्याकडून शब्द घोकून घेतात. आणि तिनं हातानं खूण करून काही मागितलं तर द्यायचं नाही, असा तुझा नियम आहे. पाणीसुद्धा. शर्वरी लिहिते, ‘आता ती मागतच नाही, ताई.’

दवाखान्याच्या फॉर्मबद्दलही तिनं लिहिलंय. ‘कुटुंबात कोणाला बहिरेपणा होता का?’ याच्यापुढे तू ‘नाही’ लिहिलंस. तू म्हणशील, बाबांचे कान तापानं गेले, ते रक्तातलं नव्हतं. आजीही तेच सांगायची. असेल. पण ते लिहिताना तुझा हात क्षणभर थांबला का, याचा विचार करत मी परवा भाजी करपवली.

माझं मागणं एकच आहे. गणपतीत तिला दहा दिवस इथे घेऊन ये. ती पुरती मिटून जायच्या आत.

कशासाठी, ते सांगते. यातलं थोडं तुला ठाऊक आहे, पण शर्वरीला नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

बाबा सहा वर्षांचे असताना त्यांना ऐकू येईनासं झालं. आजीनं, म्हणजे गंगूबाईनं, त्यांना पुढची बारा वर्षं घरात सांभाळलं. सांभाळलं म्हणजे लपवलं. पाहुणे आले की ‘जा रे पंढरी, मागे खेळ.’ हे बाबा मला हसत हसत सांगायचे, कारण मागे पेरूचं झाड होतं. अठराव्या वर्षी त्यांच्या मामांनी त्यांना मिलमध्ये नेलं, साचेखात्यात. तिथे कापड विणायचे शेकडो साचे एकदम धडधडत असतात. खात्यावर प्रतापराव म्हणून जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांनी विचारलं, पोराला काय काय येतं? मामा भीत भीत म्हणाले, सगळं येतं, फक्त ऐकू येत नाही. प्रतापरावांना त्या आवाजात हे वाक्य तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा समजल्यावर ते मामांच्या कानात ओरडले, ‘इथं कुणाला येतं?’

त्या एका वाक्यावर बाबांनी पस्तीस वर्षं नोकरी केली.

साचेखात्यात सगळेच बहिरे. शिफ्ट सुरू झाली की ओठ मोठे हलवून आणि हातांनीच बोलायचं. धागा तुटला. चहा आला. साहेब येतोय, याला मिशीवरून बोट. बायको माहेरी गेली, याला काय खूण होती ती मी तुला सांगणार नाही. चार साचे पलीकडच्या माणसाशी भांडणसुद्धा व्हायचं, तेही हातांनीच. नव्या माणसाला हे सगळं शिकायला सहा महिने लागायचे. बाबा ते घरूनच शिकून आले होते. पुढे पुढे प्रतापराव नवीन भरतीच्या पोराला सरळ बाबांकडे पाठवायचे. मागच्या अंगणात बारा वर्षं काढलेला मुलगा तिथे मास्तर झाला.

त्या साचेखात्यातले पंचवीसएक म्हातारे अजून आपल्या मोहल्ल्यात आहेत. मिल गेली, पण त्यांचे हात बोलायचे थांबलेले नाहीत. परदेशीपुऱ्याच्या चौकात ट्रॅफिकचा गोंधळ असतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ते आरामात गप्पा मारतात. ही काही शाळेत शिकवतात तसली भाषा नव्हे, मला माहीत आहे. तुझ्या डॉक्टरांना ती चालणारही नाही. पण हातांनी बोलणारी माणसं हसतात, खोड्या काढतात, मोहल्ल्यात मानानं राहतात, एवढं तरी श्रेयाला दिसू दे. यातले तीन जण या उन्हाळ्यात गेले. म्हणून घाई करतेय.

तुझी
ताई

३ जुलै २००५

प्रिय देवू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

काल रस्त्यात कृष्णराव भेटले. बाबांच्या समोरच्या रांगेत त्यांचे साचे होते. ते म्हणाले, ‘पंढरीदादा गेल्यापासून मॅच बघायला मजा नाही.’ तुला आठवतं ना? टीव्हीवर मॅच लागली की आपल्या दारात चाळीस चपला. कॅमेरा जवळ गेला की बॉलर काय पुटपुटतोय ते बाबा ओठांवरून वाचायचे आणि हातांनी सांगायचे. त्याचं बोलून दाखवायचं काम माझं. शिव्या आल्या की मी म्हणायचे, ‘काहीतरी वाईट बोलला.’ मग सगळे बाबांकडेच बघायचे, कारण तिथल्या प्रत्येकाला ती खूण येत होती. मीच तेवढी मधे सोवळी.

आणि आईशी त्यांचं भांडण. आई निम्म्यात आली की बाबा डोळे मिटून घ्यायचे. संपलं भांडण. आई म्हणायची, असा दरवाजा देवानं मलाही द्यायला हवा होता. एकदा तिनं सूड घेतला. त्यांनी डोळे मिटलेले असताना ती शेजारी जाऊन पत्ते खेळत बसली. बाबा पंधरा मिनिटं तसेच, डोळे मिटून, रागात, रिकाम्या खोलीत.

नव्वदला आई गेली आणि एक्क्याण्णवच्या थंडीत मिल बंद झाली. तू तेव्हा पुण्याला नव्या नोकरीत होतास. तुला मी पत्रात फक्त ‘बाबा बरे आहेत’ एवढंच लिहायचे. बरे नव्हते. इतरांची नोकरी गेली होती. बाबांचं ते ठिकाण गेलं होतं जिथे त्यांच्यात आणि दुसऱ्यात काही फरक नव्हता. सकाळी उठून ते जमिनीवर पाय सपाट टेकवून बसायचे. मिल चालू असताना आपल्या फरशीला बारीक थरथर असायची. आपल्याला ती कधी जाणवली नाही. ती थांबल्यावर फक्त त्यांना जाणवली.

मग शामनं बूथचं काढलं. शाम बाबांच्या शेजारच्या साच्यांवर होता, आता मिल सुटल्यावर सायकली दुरुस्त करत होता. अपंगांच्या कोट्यातून एसटीडी-पीसीओ मिळतात, फॉर्म भरा, म्हणाला. मी म्हटलं, शामभाऊ, तुम्ही शुद्धीवर आहात ना? बाबांना मात्र कल्पना फार आवडली. मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. तिथले बाबूजी फॉर्म बघून म्हणाले, ‘मॅडम, ये टेलीफोन का काम है. सुनने का काम है.’ मी ते बाबांना सांगितलं, थोडं मऊ करून. बाबा हातांनी म्हणाले, ‘त्यांना विचार, दूधवाल्याला सगळं दूध स्वतः प्यावं लागतं का?’

बाबूजी हसले. आठ महिन्यांनी बूथ मिळालं.

तू ते पाहिलंस, पण त्याचं काम कसं चालायचं ते तुला माहीत नसेल. रिंग वाजली की पेटणारा लाल बल्ब बाबांनी स्वतः जोडून घेतला होता. आणि मीटर. गिऱ्हाईकानं नंबर लावला आणि मीटरवरचे लाल आकडे पळायला लागले की समजायचं, पलीकडे कोणीतरी फोन उचलला. आकडे थांबले की समजायचं, ठेवला. बाबा म्हणायचे, एवढं कळलं की पुरे, मधलं त्यांचं त्यांना.

आणि ते मधलं त्यांनी कधी घेतलं नाही. केबिन काचेची होती, आतल्या माणसाचे ओठ लख्ख दिसायचे. म्हणून गिऱ्हाईक आत गेलं की बाबा स्टूल फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मीटरही त्यांनी त्याच बाजूला वळवून ठेवलं होतं. अख्ख्या मोहल्ल्यातली पोरं-पोरी भांडायला, रडायला, माफी मागायला आपल्याच बूथवर यायची. ‘दादा के यहाँ चलो, वो सुनते नहीं.’ बाबांना सगळं वाचता येतं हे मॅच बघायला येणाऱ्या त्यांच्या बापांना ठाऊक होतं, त्या पोरांना नव्हतं, आणि बाबांनी कधी वाचलं नाही.

फक्त तुझा फोन आला की ते स्टूल आत फिरवायचे. मी डाव्या हातात रिसीव्हर धरून उजव्या हातानं त्यांच्याशी बोलायचे, आणि ते काचेला जवळजवळ नाक लावून बसायचे.

त्या बूथबद्दल मला आणखी लिहायचं आहे. आज होत नाहीये.

ताई

२४ जुलै २००५

देवू,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा लिहिलेलं पाठवतेय.

तुला माहीत आहे, मी आठ वर्षांची असल्यापासून बाबांचे कान आणि तोंड होते. रेशनवाला, डॉक्टर, तुझे मास्तर, सगळे माझ्यामधून. दुकानदार म्हणायचा, ‘बहिऱ्याला सांग, उद्या ये.’ मी हातानं सांगायचे, ‘दादा, उद्या या.’ बाबा चिडून काही बोलले तर मी दुकानदाराला गोड करून सांगायचे. मला वाटायचं, मी दोन्हीकडचं भलं करतेय. याची सवय लागते. मग कोण खरं काय बोललं हे फक्त एका माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस आपण असतो.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरातला तो रविवार. तुझा फोन आला. लग्नाची तारीख सांगितलीस आणि मग म्हणालास, ‘ताई, तू ये. बाबांना आणू नकोस. ते मोठ्यानं काहीतरी बोलतील, शर्वरीकडचे सगळे वळून बघतील. मी तिला नंतर समजावून सांगेन.’ मी तुला ‘बरं, नाही आणत’ एवढंच म्हणाले. तुझ्या शाळेतल्या बक्षीस समारंभाच्या वेळी बाबा खुशीत ओरडले होते आणि सगळा हॉल हसला होता, तेव्हा तू खुर्चीखाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला होतास. मी शेजारीच होते. नाडी सुटलेली नव्हती.

बाबा काचेपलीकडून विचारत होते, काय म्हणतोय? मी हातानं सांगितलं, ‘लग्न रजिस्टर पद्धतीनं आहे. फक्त दोघं आणि साक्षीदार. कोणीच यायचं नाही. नंतर ते दोघं इकडे येतील.’

बाबांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणि मग विचारलं, ‘मुलगी उंच आहे का?’

हे एवढंच असतं तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं. ही तुझी चूक होती, माझी फक्त सारवासारव. पण मंगळवारी संध्याकाळी तू परत फोन केलास. रडत होतास. ‘ताई, मी चुकलो. बाबांना घेऊन ये. मी शर्वरीला सगळं सांगितलंय, ती म्हणते, ते आले नाहीत तर लग्नच नको.’ आणि मी म्हटलं, ‘नाही येत म्हणतात रे. बूथ बंद ठेवता येत नाही.’ तू म्हणालास, ‘विचार ना त्यांना.’ मी म्हटलं, ‘विचारलं.’ बाबांना हातानं सांगितलं, ‘नुसती खुशाली विचारतोय.’

विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं की रविवारचं सगळं मी रचलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना समजलं असतं की माझ्या हातांवर विश्वास ठेवता येत नाही. मला ते जमलं नाही. तेवढंच. त्याला मोठं कारण नाही.

मी लग्नाला आले नाही, कारण एकटी आले असते तर दोन्हीकडे उत्तर द्यावं लागलं असतं. तू समजलास, बापानं बूथपुढे मुलाला कमी लेखलं. बाबा समजले, मुलानं बोलावलं नाही. निदान मला तरी वाटत होतं की ते असं समजले. सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना दिवाळीला माझ्यामधून ‘बरं आहे’ सांगत राहिलात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तू त्यांना पोचवायला आलास, दुसऱ्या दिवशी निघून गेलास, जाताना म्हणालास, ‘बूथ चालू ठेवा.’ मी तेव्हाही गप्प बसले.

आता तू श्रेयाला ‘हात हलवू नकोस’ म्हणतोस ना, त्यात थोडा त्या रागाचा भाग आहे असं मला वाटतं. तो राग बाबांवर काढायचं काही कारण नाही. तो माझ्यावर काढ. तिला पाणी दे.

माझं तोंड बघायचं नसेल तरी तिला आण. मी ते दहा दिवस महूला अमृतेकडे राहीन, माझ्या शाळेतली मैत्रीण आहे. घराची किल्ली शामकडे असेल.

अमिता

७ ऑगस्ट २००५

देवू,

तुझं काही आलं नाही. तरी लिहितेय, कारण आता हे माझ्याजवळ ठेवणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना बूथवर थांबले. बूथ म्हणजे आता नावाला. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आलाय, विजय नगरला तर म्हणे शाळेतली पोरंही घेऊन फिरतात. शाम सायकलींचं काम करता करता त्यावर लक्ष ठेवतो. मी त्याला सगळं सांगितलं. कोणाला तरी तोंडानं सांगायचं होतं.

तो ट्यूबचं पंक्चर काढत होता, काढतच राहिला. मग म्हणाला, ‘अमूताई, दादांना मालूम होतं.’

मी म्हटलं, काय मालूम होतं?

‘दोन्ही फोन. इतवारचा पण, मंगळवारचा पण. तुम्ही हातानं एक सांगत होत्या आणि तोंडानं देवूभियाशी दुसरं बोलत होत्या. ते समोर बसलेले ना. अब बताओ, उनको कौन सा दिखेगा?’

देवू, चाळीस मुलांच्या वर्गाला मी शिकवते, बाबा ओठ कसे वाचायचे ते मी त्यांना गोष्ट म्हणून सांगते. आणि इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की माझेही ओठ त्यांना दिसतात. मी त्यांच्याशी नेहमी हातानंच बोलले, म्हणून मला वाटायचं ते फक्त माझे हात बघतात. हात एक बोलत होते, तोंड दुसरं, आणि दोन्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर, काचेमागे.

तुझं ‘घेऊन ये’ त्यांना ऐकू आलं नाही, पण माझं ‘नाही येत म्हणतात’ त्यांनी वाचलं. म्हणजे तू बोलावलंस, हे त्यांना कळलं होतं. मी शामला विचारलं, मग ते गेले का नाहीत? गाडीत बसून सरळ पुण्याला जायचं. शाम म्हणाला, त्यानंही हेच विचारलं होतं. बाबा म्हणाले, ‘मी गेलो तर अमू भावासमोर खोटी पडेल.’ आणि मग म्हणाले, ‘तिला काही म्हणू नकोस. तिचे हात थकलेत.’

शामनं चहा मागवला, तो निवला, मग दुसरा मागवला.

नंतर तो आत गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला. म्हणाला, दादांनी ठेवायला दिला होता, कोणाला द्यायचा ते सांगितलं नव्हतं. आत पाच चिठ्ठ्या. पीसीओच्या मशीनमधून गिऱ्हाईकाला निघते ना, नंबर, तारीख, वेळ छापलेली, तसल्या. पाचांवर एकच नंबर. तुझ्या पुण्याच्या घराचा.

पहिली ६ जानेवारी २०००ची. श्रेयाच्या बारशाची पत्रिका आली होती, त्याच्या महिनाभरानंतरची. बाकीच्या चार २२ नोव्हेंबरच्या, दर वर्षी एक, सकाळी आठच्या सुमारास. तिच्या वाढदिवसाच्या. मी सातलाच शाळेत निघून जाते.

माझ्याशिवाय फोन करायची युक्ती त्यांनी शोधून काढली होती. नंबर फिरवायचा. मीटर पळायला लागलं की बोलायचं.

काय बोलायचं, ते शामनं शिकवलं. त्याच्या गळ्यावर हात ठेवून बाबा महिनाभर ‘श्रेया’ म्हणत होते. ‘श्रे काही जमेना,’ शाम म्हणाला. ‘शेयाच यायचं. मी म्हटलं, चलेगा दादा, पोरीला कळेल. तर ऐकायला तयार नाहीत. म्हणे, नाव आहे, चलेगा कसं?’

चिठ्ठ्यांवर वेळ छापलेला आहे. पहिली, अकरा सेकंद. शाम म्हणतो, नाव घेतलं आणि घाबरून ठेवूनच दिला. दुसरी, एकोणीस. तिसरी, चाळीस. चौथी, दीड मिनिट. पाचवी, दोन हजार तीनची, चार मिनिटं सहा सेकंद. तेव्हा त्यांना खोकला होता, तीन महिन्यांनी ते गेले. एकदा नाव घेऊन झाल्यावर ते नुसतेच रिसीव्हर धरून मीटरकडे बघत बसायचे. शाम खुणेनं विचारायचा, झालं ना? ते हातानं म्हणायचे, ‘अजून चालू आहे.’

मीटर चालू होतं, देवू. म्हणजे पलीकडे कोणीतरी फोन धरून होतं. ज्याला काही सांगता येत नव्हतं आणि जो ठेवतही नव्हता. चार मिनिटं.

ते कोण होतं, हे विचारायचा मला हक्क नाही. चिठ्ठ्या सोबत पाठवतेय. त्यांचा कागद फिका पडत चाललाय, उजेडात ठेवू नकोस.

ताई

२८ ऑगस्ट २००५

प्रिय देवू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. नऊ ओळींचं. मी ते शाळेत नेलं, परत आणलं, आता माझ्यासमोर आहे.

पहिल्या वर्षी शर्वरी राँग नंबर म्हणाली आणि तू ‘हो’ म्हणालास. आवाज मात्र तू पहिल्या अक्षरालाच ओळखला होतास. पुढे तिच्या वाढदिवसाला पुन्हा फोन आला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी सकाळी तू स्वतःच फोनजवळ बसायचास. तू लिहितोस, ‘मी काही बोललो नाही, त्यांना ऐकू गेलं नसतं. नुसता ठेवला नाही. मला वाटायचं, हे त्यांना कधीच कळणार नाही.’

कळत होतं. लाल आकड्यांत कळत होतं.

आणि शेवटच्या वर्षीचं. श्रेया तेव्हा चार वर्षांची, तिचे कान चांगले होते. तू तिला कडेवर घेतलंस आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावलास. तिनं विचारलं, कोण आहे, माझं नाव घेतंय. तेव्हा तू तिला सांगितलं नाहीस. ते आत्ता सांगितलंस. आजोबांचा आवाज तिनं ऐकलाय, देवू. कानाला मशीन लावायची पाळी यायच्या आधी, नीट, तिच्या स्वतःच्या कानांनी. हे मी शामला सांगितलं. तो म्हणाला, ‘श्रे बोले थे ना? की शेया?’ तेवढं तिला विचारून ठेव. त्याला झोप लागत नाहीये.

तू दवाखान्यात जाऊन तो फॉर्म बदलून आलास. ‘आजोबा, वडिलांकडचे.’ तिथल्या बाईंनी विचारलं, आधी का लिहिलं नव्हतं? तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस, आणि मी विचारणार नाही.

माझ्या तिसऱ्या पत्राबद्दल तुझ्या नऊ ओळींत तीनच शब्द आहेत. ‘महूला जायचं नाही.’ मी ते इतक्या वेळा वाचलेत की कागदाला तिथे घडी पडलीय. राग गेला असं तू म्हणालेला नाहीस, आणि मी तसा अर्थ काढत नाही. आता कोणाच्याही बोलण्यात मी माझं काही घालणार नाही. पण घरीच आहे. महूला जात नाही.

इकडची तयारी ऐक. चौकात बातमी फिरली आहे. संध्याकाळी बूथपुढे सहा-सात म्हातारे जमतात आणि श्रेयाला पहिल्यांदा काय शिकवायचं यावर वाद घालतात. कृष्णरावांचं म्हणणं, आधी शिव्या, बाकी पोरगी आपोआप शिकेल. शाम म्हणतो, आधी खाण्याचं, पोहे, जिलबी, सगळं. त्यावर कृष्णराव त्याला शिवी देतात, हातानं, आणि शाम म्हणतो, बघा, शिकवणी सुरू झाली. स्टूलला नवा रंग दिलाय. बूथचा फोन महिन्याच्या शेवटी बंद करायचा ठरवला होता, तो गणपती होईपर्यंत ठेवायला सांगितलाय. तिला लाल बल्ब पेटलेला दिसला पाहिजे.

बाबा साचेखात्यात प्रत्येकाच्या नावाची खूण करायचे, हे तुला आठवत असेल. तुझी होती भुवईवरून बोट, तिथे तुला खोक पडली होती म्हणून. माझी दोन्ही तळहात उघडून. श्रेयाचीही त्यांनी करून ठेवली होती, तिला न बघताच, नुसत्या पत्रिकेवरून. शामनं मला परवा दाखवली. ती मी इथे लिहीत नाही. ती लिहायची गोष्ट नाही.

पुण्याची गाडी सहा तारखेला सकाळी येते. गाडीत तिनं हातानं पाणी मागितलं तर दे. मोठ्यानं मागितलं तरी दे. शर्वरीला सांग, मला ती उंच आहे की नाही ते अजून माहीत नाही, त्यामुळे मी प्लॅटफॉर्मवर आधी मुलीलाच शोधणार.

गर्दी असेल, भोंगे असतील, हमाल ओरडत असतील, कोणालाच काही ऐकू येणार नाही. मी पेढे आणणार नाही, फुलं आणणार नाही, तुझी बॅगसुद्धा उचलणार नाही. तिनं खिडकीतून बघितलं की तिचं नाव घ्यायचं आहे, आणि त्याला मला दोन्ही हात मोकळे हवेत.

तुझी
ताई